रुमालातला भात

काउंटरच्या पलीकडे लेक उभी होती, म्हणून बापाने पाचवा घासही हसतच उचलला. वरचा मासा तोंडात टाकला आणि खालचा भाताचा मुटका गुपचूप मांडीवरच्या कागदी रुमालात ठेवला.

दोन वर्षं ती या सुशीच्या दुकानात आत नुसता भात करत होती. आज वस्तादांनी तिला पहिल्यांदा काउंटरवर उभं केलं, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून तिने बापाला बोलावलं. मासा कापला होता वस्तादांनी. भात तिचा. वस्तादांचा नियम तिने घरी दहादा ऐकवला होता: ताटलीत भात परत आला, की तो करणाराही परत आत. म्हणून तर रुमाल.

तीन महिन्यांपूर्वी त्याला साखर निघाली होती. भात जपून खा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लेकीला हे सांगायचं त्याच्या जिवावर आलं. तिचं सगळं बस्तान भातावर, आणि बापाने भातच सोडला म्हणायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तो गप्प राहिला.

मूठ झाकलेली असली तरी रुमाल कागदाचा होता. तो उठला तसा ओला तळ फाटला आणि पाचही मुटके फरशीवर पडले.

वस्ताद बाहेर आले. एक मुटका उचलून त्यांनी बोटांनी दाबून पाहिला, मग मुलीकडे पाहिलं.

"उद्यापासून आत."

"हो," ती म्हणाली. बापाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

बापाला एकच वाक्य बोलायचं होतं. पण शेजारच्या खुर्च्यांवरची माणसं बघत होती. लेक एप्रनची गाठ सोडायला लागली, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला साखर आहे," तो शेवटी म्हणाला. "तीन महिने झाले. भात कसा झालाय ते मला ठाऊकच नाही. मी तो चाखलाच नाही."

वस्तादांनी हातातला मुटका खाली ठेवला. "ती गाठ राहू दे," ते मुलीला म्हणाले आणि आत गेले.

लेकीने हात ओले केले. चिंचोक्याएवढा भात घेतला, त्यावर माशाचा काप बसवला आणि बापासमोरची खारट सोया सॉसची वाटी उचलून बाजूला ठेवली.

"भात किती घ्यायचा ते माझ्याच हातात असतं, बाबा. नुसतं सांगायचं होतं."

तो मान खाली घालून बसला. घास तोंडात घातला आणि सवयीने नवा रुमाल मांडीवर ओढला.

"रुमाल इथं वर ठेवा," लेक म्हणाली. "मला दिसेल असा."