पेटीतला श्वास

"ओळख दाखवायची नाही म्हणतेस, तर नाही दाखवणार," आई म्हणाली. "पण डबा तरी ने. का डब्यावरूनही कळेल कुणाची मुलगी ते?"

मृणालिनीनं डबा घेतला. गिरगावातून आई पुढच्या ट्रामनं गेली, ती मागच्या.

परळच्या इस्पितळात आई म्हणजे लीला सिस्टर. मृणालिनी तिथे प्राध्यापक विजयकरांची मदतनीस म्हणून येत होती. नवं यंत्र आलं की इस्पितळातली माणसं तग कशी धरतात, आणि त्यांचा पुढारी कोण ठरतो, हा विजयकरांचा अभ्यासाचा विषय. आई घरीच असते, असं तिनं त्यांना सांगितलं होतं. परक्यांची अंगं पुसणारी बाई आपली आई आहे, हे तिच्या तोंडून निघत नव्हतं.

यंत्र म्हणजे लोखंडी फुफ्फुस. पोलिओनं छाती लुळी पडलेल्या माणसाला गळ्यापर्यंत आत ठेवायचं. भात्यानं हवा ओढली की छाती फुगे, सोडली की बसे. वॉर्डात सगळे त्याला पेटी म्हणत. लीला सिस्टरांचा एक नियम होता: जो स्वतः आत झोपला नाही, त्यानं पेटीला हात लावायचा नाही. नर्सा झोपल्या होत्या, वॉर्डबॉय झोपले होते, कुरकुरत का होईना, डॉक्टरही झोपले होते.

"माका वाटला, आता मी काय भायर येत नाय," दत्ताराम म्हणाला. तो वॉर्डबॉय.

"आत गेल्यावर तुझं तोंड बंद झालं, तेवढीच वॉर्डाला विश्रांती," लीला सिस्टर म्हणाल्या. मग विजयकरांकडे वळल्या. "आतून मनाला येईल तेव्हा बोलता येत नाही, सर. पेटी श्वास सोडेल तेव्हाच आवाज निघतो. जो आत झोपलाय, तो पेशंटच्या उत्तरासाठी थांबतो. बाकीचे घाई करतात."

विजयकर खूश झाले. "मग आमच्या मृणालिनीबाईंनाही झोपवा की."

आईनं टॉवेलची घडी घातली. गळ्याला रबर काचू नये म्हणून तिथे ती ठेवायची असे. घडी हातात धरून तिनं लेकीकडे पाहिलं. "या."

ते हात गळ्याला लागले तर सगळं कळेल, असं मृणालिनीला वाटलं. "नको, सिस्टर. आम्ही फक्त बघायला आलोय."

"बरं, बाई," आई म्हणाली, आणि तिनं टॉवेल उलगडून खांद्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी शहर बंद पडलं. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर उतरली होती, गोळीबार चालू होता, ट्राम नव्हत्या. आई चालत परळला गेली. दुपारी इस्पितळाची वीज गेली. पेटीत लतिका नावाची कॉलेजातली मुलगी होती; रोज थोडा वेळच तिला बाहेर काढत. वीज येईपर्यंत सगळ्यांनी पाळीपाळीनं दांडा ओढून भाता हलता ठेवला. दिवे लागले तेव्हा लीला सिस्टर स्टुलावर टेकल्या. त्या उठल्या नाहीत.

पोलिसांचा पास काढून मामा आईचा देह घरी घेऊन आला. मृणालिनी इस्पितळात गेली नाही.

ट्राम सुरू झाल्या, तशी ती पुन्हा कामावर आली.

"संचारबंदीत अडकलात ना?" विजयकरांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

लतिका आता बाहेरच्या कॉटवर, स्वतःच्या श्वासावर होती. पेटी रिकामी होती. शेजारचं स्टूलही.

"पुढारीपणाचं अख्खं प्रकरण या सिस्टरांवर लिहायचं," विजयकर म्हणाले. "त्यांच्या घरच्यांना भेटायला हवं. कोण आहे त्यांचं?"

दत्ताराम फरशी पुसत होता, तो एकच जागा पुसत राहिला.

"कुणी नाही, सर," शैला म्हणाली. लीला सिस्टरांच्या हाताखाली तयार झालेली ती नर्स.

विजयकर हळहळत पेटीपाशी गेले. मृणालिनी शैलाकडे बघत राहिली.

"त्यांनीच सांगून ठेवलंय," शैला हलक्या आवाजात म्हणाली. "तुम्ही पहिल्यांदा आलात, त्याच्या आदल्या दिवशी पेढे वाटले त्यांनी. म्हणाल्या, माझी मुलगी मोठं काम करायला येतेय. पेढा खा आणि तोंड बंद ठेवा. उद्यापासून तिला ओळखायचं नाही."

"सगळ्यांना?"

"लतिकालासुद्धा."

मृणालिनीनं चपला काढल्या. "मला आत घ्या."

शैलानं ट्रे बाहेर ओढला, ती आडवी झाली, पेटी बंद झाली. गळ्याशी रबर आलं. शैलानं टॉवेलची घडी घातली आणि कडेखाली सरकवली, एका बाजूनं जाड, एका बाजूनं पातळ, आई घालायची तशी. भाता सुरू झाला. मृणालिनीची छाती तिला न विचारता फुगली. तिनं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही.

विजयकर खाली वाकले. "काय म्हणता? बोला ना."

"थांबा, सर," शैला म्हणाली. "घाई करू नका."

पेटीनं श्वास सोडला.

"लीला सिस्टर," मृणालिनी म्हणाली, आणि श्वास संपला. भाता पुन्हा भरू लागला. दत्तारामचा हात फरशीवर थांबला. कॉटवरून लतिकानं मान वळवली. सगळे वाट बघत राहिले.

पेटीनं श्वास सोडला.

"माझी आई."