लाईन

"मोहिने, लाईनीत ऱ्हाय!"

बापाची ती हाक लहानपणची. मेंढरं डांबरी सडकेच्या कडेनं चालायची, मागून एसटीचा भोंगा वाजायचा आणि भुजंग मेंढरांवर नि लेकीवर एकाच दमात ओरडायचा. लाईन सोडली की चाकाखाली. मोहिनीला तेव्हा इंग्रजी येत होतं ते एवढंच.

आज विजेच्या खांबावर, कमरेला पट्टा आवळताना, ती हाक तिच्या कानात वाजली. खाली हळदीचं रान वाऱ्यानं हेलकावत होतं.

परक्या मुलखातून आलेला शब्द, पण तिच्या कुरुंदा गावानं त्याला नव्या सुनेसारखं हरेक कामाला लावलं होतं. दिव्यात येते ती लाईन. टँकरपुढं घागरींची लागते तीही लाईन. पारावरची पोरं मारतात ती वेगळीच लाईन. आणि नोकरी लागलेलं लेकरू लाईनीला लागलेलं.

"पोरगी लाईनीला लागली का?" गाव भुजंगला विचारायचं.

"लागली की. वसमतला हापिसात हाय. पंख्याखाली."

ती खांबावर चढते, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बाईच्या जातीनं पँट घालून खांबावर चढायचं? "दुनियेची लाईन जोड," तो तिला म्हणाला होता, "आपल्या गावची तेवढी नको."

काल वाऱ्यानं गावचीच तार तुटली. साहेब दुसऱ्याला धाडणार होते. मोहिनीनं काम मागून घेतलं. सकाळी ती निघाली तेव्हा बाप पाठ फिरवून बसला होता. आता मात्र मेंढरं चारायच्या निमित्तानं तो ट्रान्सफॉर्मरच्या डीपीपाशी येऊन टेकला होता. डीपीचं हँडल खाली ओढूनच ती चढली होती. ते वर गेलं की तारेत जीव येणार, आणि तिचा जाणार. कामातला जोडीदार परमेश्वर गाडी घेऊन ओढ्यापल्याडच्या खांबावर गेला होता.

तेवढ्यात गिरणीवाला सोनाजी चार माणसं घेऊन डीपीशी आला.

"काहून ताटकळून राहिले सगळे? वायरमनची गाडी कुठंच दिसंना. काम उरकून गेला असंल. चढवा हँडल!"

मधल्या लिंबाआड खांबाचं टोक त्याला दिसत नव्हतं. मोहिनी जिवाच्या आकांतानं ओरडली. वारा तिकडून इकडं वाहत होता. त्यांचा शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता, तिचा एकही तिकडं पोचत नव्हता.

"थांब," भुजंग उठला. "वर माणूस हाय."

"कोन माणूस? भुजंगतात्या, तुमाला काय कळतं लाईनीतलं? मेंढरं सांभाळा." सोनाजीचा हात हँडलवर गेला.

भुजंगची काठी आडवी आली. सडकेवरचा तोच जुना आवाज रानभर घुमला. चरती मेंढरं जागच्या जागी थबकली.

"हात काढ, सोनाजी! माणूस न्हाई, माझी मोहिनी हाय वर. लाईनीला लागली म्हनून सांगत होतो ना? ह्याच लाईनीला लागली ती!"