मिशीचं टोक

"कोर्टात असे गुंडासारखे येऊ नका," वकीलबाईंनी बजावलं होतं. "साधा शर्ट घाला, ती मिशी काढा, आणि विचारल्याशिवाय तोंड उघडू नका." म्हणून त्या न्हाव्याने सकाळी आपल्याच दुकानातल्या आरशासमोर बसून ती झुपकेदार मिशी उतरवली. तिचंच टोक मुठीत धरून त्याची लेक झोपी जायची. आता लेक कित्येक महिने आईकडे होती आणि ती कोणाकडे राहणार, हे आज ठरणार होतं. "बाबांकडे जायचं का गं?" न्यायाधीशांनी विचारलं. "हो!" ती उड्या मारत म्हणाली, पण न्हावी समोर येताच घाबरून आईमागे लपली. बजावल्याप्रमाणे तो गप्प राहिला. शेवटी मात्र त्याला राहवलं नाही. "चिमणे..." तो पुटपुटला. आवाज ऐकताच तिचा चेहरा फुलला. आईचा हात सोडून ती धावली, त्याला चुकवून, थेट दारापर्यंत. "बाबा, कुठे लपलास?"