मुळाशी पुरलेलं

इकडची काडी तिकडे न करणाऱ्या नवऱ्याने आपणहून कुंडी घरी आणली, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

"माश्या खातं हे झाड," तो म्हणाला. "मुळाशी जे पुरावं, त्याचाच वास फुलाला येतो. मग ज्याला तो आवडतो, तो येतो आपल्या पायांनी."

त्याने साखर पुरली, आणि स्वयंपाकघरातल्या माश्या संपल्या. मग फुलाला मासळीचा वास यायला लागला, आणि शेजारणीचं मांजर दिसेनासं झालं.

"असेल कुठेतरी," पेपरातून डोकं वर न काढता तो म्हणाला.

फूल एव्हाना परातीएवढं झालं होतं.

आज भांडी घासताना तिला वेगळाच वास आला. तंबाखूचा, इस्त्रीचा, थोडा घामाचा. बाबांचा! बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्यांचा एक शर्ट तेवढा तिने कपाटात तळाशी जपून ठेवला होता.

ओल्या हातांनीच तिने कपाट उघडलं. शर्ट नव्हता.

ती परतली तेव्हा नवरा कुंडीपाशी उभा होता. त्याच्या नखांत ओली माती होती.

"लांबून काय बघतेस? ये की जवळ," तो कधी नव्हे इतक्या प्रेमाने म्हणाला.

तिने दाराची चौकट घट्ट धरली. पाय मात्र केव्हाच निघाले होते.