टाकी पुन्हा उतरली

रनीमचं टाळकंच सटकलं. कॉम्प्युटरच्या टाकीतलं पाणी पुन्हा उतरलं होतं!

पाण्याने थंड राहणारं हे मशीन तिने एकटीने जुळवलं होतं. नळ्या तापवून वाकवल्या होत्या, प्रत्येक जोडाखाली टिश्यू अंथरला होता आणि आता चाचणीसाठी नुसता पंप चालू ठेवला होता. पाणी गळलं, तर बाबा आज संध्याकाळीच सगळं सामान दुकानात परत करणार होते.

पण टिश्यू तर कोरडेठाक!

"कुतैबा! गाढवा, तूच काढतोयस ना पाणी?"

"वल्लाह, मी कशाला काढू?" भाऊ दारातून खिदळला. "तुझं मशीनच तहानलंय, बाईसाहेब!"

तिने दात-ओठ खात टाकी काठोकाठ भरली आणि झाकण करकचून आवळलं. "बस इथे. हलायचं नाही."

दोघांच्या डोळ्यांदेखत पाणी बोटभर खाली गेलं.

कुतैबाने प्लगच उपटला. पंप बंद पडला. पाणी मात्र उतरतच राहिलं, थांबत थांबत, घोटाघोटाने.

"रनीम, चल ना बाहेर."

"का म्हणून? माझं आहे ते!" ती मशीनवर वाकली. अम्मानमध्ये कुणी पाणी प्यायलं की 'हनीअन', म्हणजे 'सुखाने पचो', म्हणतात, आणि पिणाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं. तिने तो शब्द मशीनच्या तोंडावर फेकला. "हनीअन!"

घोट थांबले.

मग मशीनच्या बाजूच्या काचेवर आतून वाफ धरली, कुणीतरी बोलायला तोंड उघडावं तशी.