चीलधारचा उतार

"ताराचंदजी इथेच राहतात ना? बर्फातून आलेले?"

अंगणात उभ्या असलेल्या त्या अनोळखी माणसाने असं विचारलं, तेव्हाच शकुंतलेच्या मनात पाल चुकचुकली.

"नाव कोणं सांगतलं तुमाले?" तिने विचारलं.

"कळलं कुणाकडून तरी," तो म्हणाला आणि चपला काढू लागला.

सानगडीत ताराचंदची बर्फाची गोष्ट ठाऊक नसलेला माणूस नव्हता. लेक तुळसा रांगत होती तेव्हा तो शकुंतलेवर घर टाकून उत्तरेकडे पहाडात गेला. तिथे चीलधार नावाचा एक लहानसा उतार होता. हौशी लोक पायांना लांब फळ्या बांधून त्यावरून घसरत. ताराचंदने तिथे तीन वर्षं नोकरी केली. तीन वर्षांत एक पत्र आलं नाही. बर्फात पोस्ट कुठली, असं तो सांगे. एकोणसत्तर साली परतला तो डाव्या हाताची दोन बोटं बर्फाला देऊन. पुढे तो उतारही बंद पडला म्हणे. या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली होती, तरी धानाच्या चुरण्याला, म्हणजे मळणीला, जमलेली माणसं अजून ती मागून मागून ऐकत.

पाहुण्याचं नाव नेगी. मूळचा पहाडातला, पण नागपुरात चार वर्षं नोकरी केल्यामुळे मराठी बोले. स्कीचे छोटे छोटे उतार बंद पडले, लोक त्यांना विसरले, म्हणून त्यांची माहिती लिहून ठेवतो, असं त्याने सांगितलं.

"हे काय काम झालं?" चुलीपाशी येत शकुंतला पुटपुटली. "लाखांदूरवाल्यायनंच धाडला असन याले."

तुळसा चहा गाळत होती. तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दोन दिवसांवर आलं होतं. लाखांदूरचा मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं. पण मुलाचा काका मारोतराव भारी चौकस. पहाडात नोकरी कोणती होती, हे त्याने दोनदा विचारलं होतं.

"तुहा बाप खोटं बोलते का खरं, ते पाहाले आला हा," शकुंतला म्हणाली.

"बाबा खोटं काहून बोलन, माय?"

लाखोरीच्या डाळीचे वडे ताटलीत घेऊन शकुंतला छपरीच्या दारात गेली आणि तिथेच उभी राहिली.

नेगी वही उघडून बसला होता. बर्फ किती पडे, थंडी किती असे, हे त्याने विचारलंच नाही. पण त्याची नजर सारखी ताराचंदच्या डाव्या हाताकडे जात होती.

"चीलधारच्या गोदामाचं छप्पर कसं होतं?"

"लाल टिनाचं. एका कोन्यात निळा पत्रा. लाल उडून गेल्ता ना वाऱ्यानं."

"आणि लोक वर कसे चढायचे?"

"दोर होता जी. जुन्या ट्रकच्या इंजनावर फिरे. एक उस्ताद तो दोर सांभाळे." ताराचंद खुलला होता. "सांजच्याले सारे गेले का उस्ताद फळ्या-गिळ्या न लावता नुसता बसून घसरे, लेकरावानी. खाली पोचला का एकटाच हासत राहे."

नेगीचं लिहिणं थांबलं. "गाणं म्हणायचा का तो?"

"नाही, शीळ वाजवे. गाण्याचे बोल ध्यानात राहत नाहीत म्हणे."

हा माणूस पेचात पकडू पाहतो आहे, हे शकुंतलेला आता स्पष्ट दिसलं. "तुमाले सारंच माहीत हाये, तं इचारता कायले?"

"अवो, पाव्हणे हायेत ते," ताराचंद म्हणाला.

नेगीने हलकेच विचारलं, "तुम्ही स्वतः कधी घसरलात?"

"नाही," ताराचंद भिंतीकडे पाहत म्हणाला. "मले भेव वाटे."

शकुंतला चमकली. चुरण्यावर तर तो स्वतःच्या घसरण्याचे किस्से रंगवून सांगे. परक्या माणसासमोर आज हे काय बोलून बसला?

चारच्या साकोलीच्या गाडीने नेगी निघाला. वाटेत खायला म्हणून वड्यांची पुडी घेऊन शकुंतला त्याच्यासोबत थांब्यापर्यंत गेली. ताराचंदला ऐकू जाणार नाही इतकं लांब आल्यावर ती थांबली.

"भाऊ, लाखांदूरले जाऊन काय सांगान?"

"लाखांदूर? ते कुठे आलं?"

त्याच्या तोंडावरचा गोंधळ खरा होता. शकुंतलेला रडूच आलं. तिने साक्षगंधाचं सगळं सांगून टाकलं. "माया पोरीच्या जिवाचा प्रश्न हाये. आमच्या मालकाच्या बोलण्यात एक तरी गोष्ट खोटी निंगाली काय?"

"एकही नाही, ताई. लाल छप्पर, निळा पत्रा, ती शीळसुद्धा. दोर सांभाळणारा तो उस्ताद म्हणजे माझे वडील."

शकुंतला डोळे पुसत हसली. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटलं. "मंग घरी काहून नाही बोलले? सोबत्याचा पोरगा म्हणून किती खूश झाले असते ते!"

"मुलगी होती ना घरात. तिच्यासमोर कसं बोलू?"

गाडी आली. लोक दाराशी लोटले. नेगी तिच्याजवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "माहिती वगैरे मी काही गोळा करत नाही, ताई. हे लिहिलेलं आईला वाचून दाखवायचं आहे. बाबांची शुश्रूषा करणाऱ्या नर्सबाईंकडून यांचं नाव-गाव मिळालं, आणि बर्फाची गोष्ट गावात शिरताच कानावर आली. तुम्हाला तर सारं ठाऊकच असेल. ताराचंदजींनी बर्फ कधी पाहिला नाही. माझे बाबा वारेपर्यंत त्यांना रोज चीलधारच्या गोष्टी सांगत होते, शेजारच्या खाटेवरून, महारोग्यांच्या दवाखान्यात."