चौपट वजन

मागच्या वर्षी गरम हवेच्या फुग्यांच्या स्पर्धेत चुलतभावाने तिच्या वहीतलं गणित ढापून पहिलं बक्षीस मिळवलं, आणि काकूंनी तिलाच खोटारडी ठरवलं. यंदा तिने वही मुद्दाम उघडी ठेवली. त्यात तापमान केल्विनऐवजी सेल्सिअसमध्ये धरलं होतं, त्यामुळे फुगा खरोखर पेलेल त्याच्या चौपट वजन उत्तरात आलं होतं.

स्पर्धेत दादाने तेवढं वजन टांगलं. फुगा टम्म फुगला, पण जागचा हलेना.

"इतकी ढोबळ चूक?" परीक्षक हसले.

दादा लालबुंद झाला. "चूक हिची आहे, सर! मागच्या वर्षी हिच्याच वहीतलं गणित बरोबर आलं होतं!"

परीक्षकांचं हसू मावळलं.

"जरा मोठ्याने, दादा," ती म्हणाली. "काकू मागच्या रांगेत बसल्यात."